पान तीनवरची सही

२ मार्च, रविवार

प्रथम तथ्ये, घडली त्या क्रमाने. मते नंतर.

एक. या घरात दोन माणसे राहतात. मी, वय अठ्ठावन्न, वजने-मापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेची एकतीस वर्षे प्रमुख, आता निवृत्त. आणि माझा थोरला भाऊ, वय सहासष्ट, रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात चौतीस वर्षे साहाय्यक, तोही निवृत्त. तो विधुर, मी अविवाहित.

दोन. ४ जानेवारीला मागच्या दाराच्या कडीची पट्टी, म्हणजे कडी ज्यात सरकते तो चौकटीवरचा लोखंडी तुकडा, हलू लागली. चार स्क्रूंपैकी दोन झिजले होते. ते मी काढून टाकले. दादा म्हणाला सुतार बोलावू. मी नको म्हटले, कारण सुतार हाताला येईल तो स्क्रू पिळतो. योग्य स्क्रू मिळेपर्यंत पट्टी उरलेल्या दोनांवर ठेवली. तीन दुकानांतले स्क्रू मी परत केले. पहिल्याचे आटे उथळ होते, दुसऱ्याची लांबी पाकिटावर छापल्यापेक्षा कमी भरली आणि तिसरा दुकानदारच मला आवडला नाही.

तीन. ११ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी दहा चाळीसला मी चष्मा दुरुस्तीला टाकण्यासाठी बाहेर पडले, दहा बावन्नला परतले. त्या बारा मिनिटांत एक इसम मागच्या दाराने आत आला. पॅसेजमध्ये दादा त्याला आडवा आला. त्याने दादाला ढकलले. दादाचे उजवे मनगट दोन ठिकाणी मोडले. इसम रेडिओ आणि भिंतीवरचे वायुदाबमापक घेऊन पसार झाला. वायुदाबमापक दादाचे होते आणि तीन वर्षे चुकीचा दाब दाखवत होते. ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब.

चार. पोलीस सव्वीस मिनिटांनी आले. दादाने जबाब दिला की कडी लावायची त्याच्याकडूनच राहिली. जबाब स्पष्ट असल्याने पुढे तपासण्यासारखे काही उरले नाही. दुसऱ्या दिवशी मी कुलूपवाल्याकडून नवे कुलूप बसवून घेतले. जुनी कडी आणि पट्टी पाकिटात घालून, वर तारीख टाकून, टेबलाच्या खालच्या खणात ठेवली.

पाच. मी कायदेशीर मार्गाने पिस्तूल घेण्याचे ठरवले आहे.

आता मत. हा घाबरून घेतलेला निर्णय नाही. घाबरलेल्या माणसाने शस्त्र घेऊच नये, असे माझे ठाम म्हणणे आहे. पण सव्वीस मिनिटे ही सव्वीस मिनिटे असतात आणि पुढच्या वेळी मी घरी असेन. पिस्तूल हे एक यंत्र आहे. यंत्रांशी माझे आयुष्यभर चांगले जमले. माणसांबद्दल तसे म्हणता येणार नाही, पण त्यात दोष बहुतेक वेळा माणसांचा होता.

प्रक्रियेची नोंद असावी म्हणून ही वही.

५ मार्च

परवाना कार्यालय. खिडकी क्रमांक चार. लिपिकाच्या कानावर पेन आणि हातात दुसरे पेन. फॉर्मवर अनुक्रमांक अकरा दोनदा छापला आहे, हे मी त्याच्या लक्षात आणून दिले.

"हो बाई. दोन्ही अकरा भरायचे."

"म्हणजे दुसरा बारा."

"नाही, दुसरा अकराच. बारा पुढच्या पानावर आहे."

"ही चूक आहे, हे तुम्हाला माहीत आहे?"

"सात वर्षं झाली माहीत असून. तुम्ही भरा फक्त."

अशा माणसांच्या हाती शस्त्रांचे परवाने आहेत. असो. नियम मात्र चांगले आहेत, हे मान्य करायला हवे. पोलीस पडताळणी, डॉक्टरांचा दाखला, प्रशिक्षण व परीक्षा, भिंतीत बोल्टने बसवलेली तिजोरी. हे नियम मी स्वतः केले असते तरी असेच केले असते.

शेवटी पान तीन. वरच्या अर्ध्या भागात शस्त्र घेण्याचे कारण. खालच्या अर्ध्या भागात घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीची सही, तिच्या आधी छापील वाक्य: "वरील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे व शस्त्र घरात ठेवण्यास माझी संमती आहे."

"घरात कितीजण?" लिपिकाने विचारले.

"माझा भाऊ."

"मग त्यांची सही आधी घ्या. हे पान कोरं आलं तर बाकीची चाळीस पानं रद्दीत जातात. आणि जबरदस्तीनं घेऊ नका, आम्ही फोन करून विचारतो."

संध्याकाळी कारण लिहिले. तीन मसुदे केले. अंतिम असा: "दि. ११ फेब्रुवारी रोजी सहनिवासी व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे मागील दार उघडे राहून घरात अनधिकृत प्रवेश झाला व त्यात दुखापत झाली. स्वसंरक्षणार्थ शस्त्राची आवश्यकता आहे." एकही शब्द जास्त नाही.

६ मार्च

दादाने पान तीन दोनदा वाचले. दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

"किती मोठं असतं गं हे पिस्तूल?"

"नऊ मिमीचे घेणार आहे."

"अगं, एक मिमी सांभाळता सांभाळता माझी साठी उलटली. त्यात आणखी नऊ?"

मी सात वर्षांची असताना त्याच्या सगळ्या पेन्सिली मोजून उंचीप्रमाणे लावल्या होत्या आणि एक जागेवर नाही म्हणून रडले होते. तेव्हापासून तो मला मिमी म्हणतो. विनोद एक्कावन्न वर्षे जुना आहे. तो अजूनही त्यावर स्वतःच हसतो.

मी सहीचे विचारले. त्याने प्लास्टरमधला हात वर केला. "हे बघ माझं लिहिणं."

"डाव्या हाताचा अंगठा चालतो. मी विचारून आले आहे."

"तू विचारून येणारच." पान त्याने घडी न करता माझ्याकडे परत सरकवले. "बघू."

बघू. माझ्या प्रयोगशाळेत हा शब्द उच्चारणाऱ्याला मी दारापर्यंत पोचवून आले असते. होय असते, नाही असते, किंवा "माहिती अपुरी, अमुक तारखेपर्यंत कळवतो" असते. बघू हे काय असते?

दादा भित्रा नाही, पण निर्णय घ्यायचा झाला की त्याचे असे होते. सगळे आयुष्य त्याने सर्जनच्या हातात वस्तू दिल्या.

१५ मार्च

प्रशिक्षणाचा पहिला दिवस. गावाबाहेर जुन्या गोदामात बंदिस्त मैदान. शिकवणारी बाई पस्तिशीची, आठवडाभर मालधक्क्यावर क्रेन चालवते आणि शनिवारी इथे शिकवते. गळ्यात शिट्टी. तिचे शिक्षण किती, हे मी विचारले नाही, पण फळ्यावरच्या अक्षरावरून अंदाज आला. या वहीत तिला शिट्टी म्हणणार आहे.

आम्ही नऊजण. तिने प्रत्येकाला विचारले, का आलात. माझी पाळी आली तेव्हा मी तीन वाक्यांत सांगितले.

"कुठून घुसला?"

"मागच्या दाराने."

"दार नीट केलंत?"

"नवे कुलूप बसवले."

"छान. पिस्तुलाआधी दार. लोक उलटं करतात." मग इतरांकडे वळून म्हणाली, "पिस्तूल हे शेवटचं कुलूप आहे. त्याच्या आधी जितकी कुलपं लागतील तितकी लावा, म्हणजे हे उघडावंच लागणार नाही."

टाळ्या झाल्या. मी वाजवल्या नाहीत. प्रश्न माझ्या दाराचा नव्हता, आणि कुलूप उघडते तर पिस्तूल झाडले जाते. उपमा चुकीची होती.

मात्र तिचे चार नियम निर्दोष आहेत. प्रत्येक शस्त्र भरलेलेच समजायचे, स्वतः तपासले तरी. नळीसमोर असे काहीही येऊ द्यायचे नाही जे नष्ट झालेले आपल्याला चालणार नाही. नेम धरल्याखेरीज बोट ट्रिगरवर नाही. आणि समोर काय आहे व त्याच्या मागे काय आहे, हे ओळखल्याशिवाय काहीच नाही. मी रात्री निजण्यापूर्वी ते पाठ म्हटले. लहानपणी पाढे म्हणत असे तसे.

२२ मार्च

लेखी परीक्षा. पन्नासपैकी पन्नास. सतराव्या प्रश्नाला दिलेल्या पर्यायांपैकी दोन बरोबर होते. मी दोन्हींवर खूण करून समासात कारण लिहिले. शिट्टीने ते वाचून मान डोलावली आणि पूर्ण गुण दिले.

दादाला सांगितले. तो म्हणाला, "पन्नासच? मला वाटलं एक्कावन्न घेशील."

पान तीन अजून जेवणाच्या टेबलावर, मीठदाणीखाली.

२९ मार्च

आज जे घडले ते न वगळता लिहिते.

प्रात्यक्षिक परीक्षा. पाच काडतुसे, पंचवीस मीटर. पाचही गोळ्या आतल्या वर्तुळात. त्यापैकी तीन इतक्या जवळ, की टार्गेटवर एकच भोक दिसत होते. मैदानावर कोणीतरी "अरे वा, आजी" म्हणाले. या संबोधनाची मी दखल घेतली नाही.

नेम धरताना मात्र एक गोष्ट सतत खटकत होती. भिंतीवर "२५ मीटर" असे रंगवले आहे. ते पंचवीस मीटर नाही. माझी पावले मला माहीत आहेत. मी येताना मोजली होती. साधारण चाळीस सेंटिमीटर कमी. परीक्षेचे अंतर चुकीचे असेल तर गुणांना अर्थ काय? पाचवी गोळी झाडून झाल्यावर मी शिट्टीला हे सांगायला मागे वळले.

पिस्तूल माझ्या हातात होते.

शिट्टी इतक्या जोरात वाजली की माझ्या कानावरचे संरक्षक आवरण असूनही ती आत पोचली. नळी तिच्या पोटावरून, मागच्या बाकावरच्या दोन मुलींवरून आणि पुन्हा जमिनीकडे गेली. सगळे मिळून एक सेकंदही नसेल. शिट्टीने माझे मनगट धरले, पिस्तूल काढून घेतले, मोकळे केले, टेबलावर ठेवले.  

"पाच भरली होती, पाच झाडली," मी म्हणाले. "ते रिकामे होते. मी मोजले होते."

"मॅडम, मोजलेल्यांनीच माणसं मारलीयत."

अनुत्तीर्ण. चार आठवडे मैदानावर बंदी.

बाकावरच्या दोघींपैकी एक रडत होती. मला वाटते, ती तशीही नाजूक प्रकृतीची असावी.

३० मार्च

लेखी हरकत पाठवली. दोन मुद्दे. एक, पिस्तूल वस्तुतः रिकामे होते. दोन, अंतराची नोंद चुकीची असताना घेतलेली परीक्षाच सदोष ठरते. लेखी उत्तराची मागणी केली.

दादाला फक्त एवढेच सांगितले की परीक्षा पुढे गेली. डाव्या हाताने त्याने माझ्यासमोर चहाचा कप ठेवला. बशीत थोडा सांडला.

२ एप्रिल

शिट्टीचे उत्तर आले. अर्धा कागद, निळी शाई, अक्षर फळ्यावरच्यापेक्षा बरे.

"मॅडम, फीत लावून मोजलं. चोवीस मीटर साठ सेंटिमीटर भरलं. तुमचं बरोबर होतं. भिंतीवर बदलून घेते. पण ते सांगायला तुम्ही वळलात. आधी खाली ठेवायचं, मग बरोबर असायचं. २६ तारखेला या."

उत्तर मुद्देसूद आहे, हे नाकारता येत नाही. चार वेळा वाचले. हरकतीचा दुसरा मसुदा फाडला.

ती माझ्या जागी असती तर मी तिला चार आठवड्यांची नव्हे, वर्षाची बंदी घातली असती. हे मी तिला कळवणार नाही.

९ एप्रिल

काल दादाचे प्लास्टर निघाले. हात बारीक झाला आहे, त्वचा कागदासारखी. व्यायाम शिकवणाऱ्याने रबरी चेंडू दिला आणि सांगितले की रोज एक पान लिहीत जा, काहीही लिहा. शस्त्रक्रियागृहातल्या बाटल्यांवरची नावे दादाच लिहायचा. त्याच्या अक्षराची तिथे ख्याती होती. आता तो कोऱ्या कागदावर रेघोट्या ओढतो आणि माझी चाहूल लागली की कागद पालथा करतो.

मी म्हटले, आता हात मोकळा झाला. पान तीन.

त्याने चेंडू दाबत दाबत उत्तर दिले. "मिमी, ऑपरेशन संपलं की टाके घालायच्या आधी काय करायचो आम्ही, सांगितलंय ना तुला?"

"मोजणी."

"दोघांनी. नर्स मोठ्यानं मोजणार, मी मोठ्यानं मोजणार. कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे. आकडा जुळला की मगच पोट बंद. सर्जन वर उभे राहून शिव्या घालायचे, उशीर होतोय म्हणून. घाला म्हटलं. जे मोजून जुळलं नाही त्याच्यावर मी सही केली नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही."

"इथे मोजण्यासारखे काय आहे?"

"तेच म्हणतो मी," तो म्हणाला. "तूच मोज."

मला हे उत्तर टाळाटाळीचे वाटले आणि मी तसे सांगितले. तो उठून त्याच्या खोलीत गेला.

दुपारी भाचीचा फोन. "मावशी, मामाला मी इकडे बोलावलंय. वरची खोली रिकामीच आहे. आठ मेला येतो म्हणालाय."

"किती दिवसांसाठी?"

"ते काही बोलला नाही. मी म्हटलं, राहा हवं तितकं."

मला त्याने हे सांगितले नव्हते. पोटमाळ्यावरची मोठी बॅग मात्र खाली आलेली दिसते. चार दिवसांसाठी मोठी बॅग लागत नाही.

१८ एप्रिल

तिजोरी आली. बसवणारा कारागीर सकाळी नऊला आला. वेळेवर आला म्हणून मी त्याला चहा दिला. माझ्या खोलीच्या भिंतीत चार बोल्ट. पातळीचा बुडबुडा मी स्वतः पाहिला. काम चोख. दोन किल्ल्या.

हात धुवायला तो मागच्या दाराशी गेला आणि तिथेच थबकला.

"ताई, चौकटीतली ही जुनी भोकं भरून देऊ का?"

"नको."

"इथं दोनच स्क्रू होते वाटतं." त्याने अंगठा चौकटीवरून फिरवला. "कुणी लाथ घातली होती काय? लाकूड आतल्या अंगाला फाटलंय बघा."

"दार उघडे राहिले होते."

"छे. उघडं दार कशाला फाटेल? कडी लागलेली असेल आणि बाहेरून दणका बसला, तरच असं फाटतं. बिचारी दोन स्क्रूंवर किती तग धरणार."

मी त्याला म्हटले, तुमचे काम तिजोरीचे आहे.

"हो, ते झालं की. ती हलायची नाही आता." आणि कप विसळून पालथा घालून गेला.

१९ एप्रिल

खालच्या खणातले पाकीट उघडले. सहासष्ट दिवसांनी.

निरीक्षणे. पट्टीचा ओठ आतल्या बाजूला वाकलेला, कॅलिपरने ३.४ मिमी. कडीच्या दांड्यावर त्याच जागी ताजा ओरखडा. दोन्ही स्क्रूंच्या आट्यांत लाकडाचे तंतू. ते फिरवून काढलेले नाहीत, उपटले गेले आहेत. दांडा पट्टीत नसता तर यातले काहीच घडू शकत नाही.

निष्कर्ष: कडी लावलेली होती.

म्हणजे दादाने पोलिसांना सांगितले ते खोटे होते. तो खोटे का बोलला असावा, याची संभाव्य कारणे लिहून काढली. सहा निघाली. पाच खोडली. सहावे खोडता आले नाही: पट्टी दोन स्क्रूंवर कोणी ठेवली, हे कोणी विचारू नये म्हणून.

ही पट्टी माझ्याकडे सहासष्ट दिवस होती. कॅलिपर तिच्यापासून दोन वितींवर, वरच्या खणात होता. प्रयोगशाळेत कोणी नमुना न तपासता बंद करून ठेवला असता तर मी कारण विचारले असते. इथे कारण विचारणारे कोणी नव्हते. एकजण होता. त्याने विचारले नाही.

दुपारी पहिल्या दुकानात गेले, ज्याचे आटे मी उथळ ठरवले होते. दुकानदाराने मला ओळखले. "आज परत करायला नाही ना आलात?" तेच दोन स्क्रू आणले. चौकटीच्या शाबूत लाकडात एक बसवला, त्याला दोर बांधला, पाय भिंतीला लावून पूर्ण वजन टाकून ओढला.

निघाला नाही.

२० एप्रिल

न्याहारीच्या वेळी म्हटले, "दादा, ती कडी..."

"चहा गार होतोय," तो म्हणाला.

"दादा, मी काल..."

"मिमी, साखर दे जरा. डबा उघडत नाही मला अजून."

डबा उघडून दिला. तोंडी मला जमत नाही, हे आता नोंदवून ठेवायला हरकत नाही.

२६ एप्रिल

उत्तीर्ण.

पाच गोळ्या. त्यातली एक वर्तुळाच्या रेषेवर. गेल्या वेळेपेक्षा किंचित वाईट. मॅगझिन काढले, चेंबर डोळ्यांनी पाहिले, बोटाने चाचपले, पिस्तूल नळी समोर ठेवून टेबलावर ठेवले. एक पाऊल मागे झाले. दोन्ही हात रिकामे आहेत याची खात्री केली. मग वळले.

भिंतीवर आता "२४.६ मीटर" असे रंगवले आहे.

"बरोबर आहे का मॅडम?" शिट्टीने विचारले.

"अंक बरोबर आहे. टिंब थोडे खाली हवे."

ती हसली. तिचे हसणे मोठे आहे, क्रेनवरून खाली हाका मारणाऱ्या माणसाचे. गेल्या वेळची ती मुलगीही आली होती. मी तिच्या बाकाशी गेले आणि म्हणाले, त्या दिवशी चूक माझी होती. ती म्हणाली, अहो आजी, सोडा. वाक्य उच्चारायला जितके अवघड जाईल असा माझा अंदाज होता, त्याच्या निम्मेच गेले.

३ मे

विक्रेत्याचे दुकान. तो सत्तरीचा, कोटाला सगळी बटणे लावलेला. प्रमाणपत्र पाहिले, परवाना कार्यालयाचे पत्र पाहिले, आणि मग पिस्तूल दाखवण्याआधी माझे हात पाहिले.

"संधिवात?"

"डाव्या अंगठ्यात. थोडा."

तीन पिस्तुले टेबलावर ठेवली. पहिले सर्वांत सुबक होते. जोडणीत केसभरही फट नाही. ते हातात घेऊन मला प्रयोगशाळेची आठवण झाली. पण त्याचा वरचा सरकता भाग ओढताना दहापैकी तीन वेळा माझा अंगठा घसरला. तिसरे दिसायला ओबडधोबड, कडा बोथट. दहापैकी दहा वेळा सुरळीत.

"लोक पहिलंच घेतात," विक्रेता म्हणाला. "कपाटात छान दिसतं."

मी तिसरे घेतले. महिन्याभरापूर्वी मी ते हातातही धरले नसते.

"नावावर राखून ठेवतो. कागद पूर्ण झाला की या. पान तीन दिसत नाही यात?"

"ते मी नव्याने लिहिते आहे."

"लिहा लिहा. पिस्तुलाला घाई नसते."

४ मे, रविवार

दादाची बॅग दाराशी भरून ठेवलेली आहे. त्याला निघायला चार दिवस आहेत. खालील पत्र आज त्याच्या खोलीच्या दाराखालून सरकवले. प्रत येथे.

प्रिय दादा,

तथ्ये, घडली त्या क्रमाने.

एक. ११ फेब्रुवारीला कडी लावलेली होती. ती तू लावली होतीस. पट्टी मी तपासली. मोजमाप सोबत जोडले आहे.

दोन. पट्टी दोन स्क्रूंवर होती, कारण उरलेले दोन मी अडतीस दिवस बसवले नाहीत. तू सुतार बोलाव म्हणाला होतास. पहिल्या दुकानातला स्क्रू पुरेसा चांगला होता. चार स्क्रूंवर दार टिकलेच असते असे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण दोनांवर टिकले नाही, हे तुझ्या मनगटाने सिद्ध केले आहे.

तीन. तू पोलिसांना खोटे सांगितलेस. ते मी मान्य करत नाही, पण कशासाठी सांगितलेस ते मला कळले. उशिरा कळले.

चार. ते खोटे मी खरे धरून पान तीनवर लिहिले आणि तुला त्याखाली सही मागितली, दोन महिने. तू सही केली नाहीस. त्याला मी या वहीत भित्रेपणाच्या जवळपासचे काहीतरी म्हटले होते. ते खोडले आहे.

पोलिसांकडे जबाब दुरुस्त करण्याचा अर्ज मी काल दिला. नवे पान तीन सोबत आहे. त्यात कारण असे आहे: "अर्जदाराच्या हलगर्जीमुळे मागील दाराची कडी कमकुवत राहिली. दार आता दुरुस्त आहे. तरीही अर्जदारास शस्त्राची आवश्यकता वाटते." हे तिसरे वाक्यही खरे आहे, दादा. मी पिस्तुलाचा विचार सोडलेला नाही. पण या घरात ते फक्त खालील अटींवर येईल.

तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी तुझ्याकडे. पिस्तूल रिकामे, काडतुसे वेगळ्या कप्प्यात. दर रविवारी सकाळी दोघांनी तिजोरीसमोर उभे राहून मोजणी करायची. मी मोठ्याने, तू मोठ्याने. पिस्तूल एक, मॅगझिन दोन, काडतुसे पन्नास. आकडा जुळला तरच दार बंद. एखाद्या रविवारी तू घरात नसलास तर मोजणी होणार नाही, आणि मोजणी झाली नाही तर दुसऱ्याच दिवशी पिस्तूल विक्रेत्याकडे जमा. दुसरा मोजणारा नसलेल्या घरात मला ते नको आहे. दुसरा मोजणारा नसलेले घरही मला नको आहे.

मागच्या दाराला आज सकाळी दोन्ही स्क्रू बसवले आणि जुनी कडी नव्या कुलपाच्या जोडीला परत लावली. एक स्क्रू किंचित तिरका गेला आहे. तो मी तसाच ठेवला आहे.

आता माझे दोन प्रश्न. पहिला: नवे पान तीन खरे आहे का, आणि असल्यास तू त्यावर सही करशील का? तू नाही म्हणालास तर मी अर्ज मागे घेईन आणि पुन्हा विषय काढणार नाही. दुसरा: दाराशी ठेवलेली बॅग किती दिवसांची आहे?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे लेखी हवीत, बुधवार संध्याकाळपर्यंत, तुझ्या स्वतःच्या उजव्या हाताने. 'बघू' हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. अक्षर वाकडे आले तरी स्वीकारले जाईल.

मिमी